प्रादेशिक विमानातली उजवी खुर्ची

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं निघाली. बातम्यांत सिमला–दिल्ली मार्ग गाजला. त्याच दिवशी नांदेडहून हैदराबादलाही विमान सुरू झालं होतं, पण मराठवाड्याबाहेर ते फार कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ते ट्रूजेट कंपनीचं एटीआर-७२ होतं. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही ठरावीक जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास ठेवायचं आणि तोटा सरकारने भरून द्यायचा, अशी ही योजना. पाच वर्षांत ट्रूजेटची उड्डाणं थांबली. नांदेडचा विमानतळ तिथेच होता, प्रवासीही होते. पुढे स्टार एअर तिथे आली.

प्रादेशिक विमानसेवेत वैमानिकाची नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी या घटनेचे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत. लहान शहरांना विमान हवं आहे, म्हणून वैमानिकही लागणार आहेत. मात्र तुम्हाला नोकरी देणारी कंपनी तुमच्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत टिकेलच, याची हमी कोणी देत नाही. म्हणून मुलाखतीची तयारी आणि कंपनीची पारख ही दोन्ही कामं बरोबरच करावी लागतात.

आज या क्षेत्रात कोण आहे, ते आधी पाहू. १९९६ मध्ये सुरू झालेली अलायन्स एअर ही सरकारी कंपनी एअर इंडियाच्या विक्रीत टाटांकडे गेली नाही. ती एटीआर-७२ आणि त्याहून लहान एटीआर-४२ चालवते. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्याकडे ब्राझीलमध्ये बनलेली एम्ब्राएर जेट विमानं आहेत. गोव्यातली फ्लाय९१ मार्च २०२४ पासून मोपा विमानतळावरून एटीआर उडवू लागली. सिंधुदुर्ग, जळगाव, पुणे, लक्षद्वीपमधलं अगत्ती ही तिच्या नकाशावरची नावं. इंडिगोनेही २०१७ पासून आपल्या मोठ्या ताफ्यात एटीआरची वेगळी शाखा ठेवली आहे. दर कंपनीची निवडपद्धत थोडी वेगळी असली, तरी गाभा एकच असतो: कागदपत्रांची तपासणी, लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी.

दोनशे तासांच्या वैमानिकात काय बघतात?

भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण पुरतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले लागतात. एवढ्या शिदोरीवर मुलगा किंवा मुलगी सत्तर प्रवाशांच्या विमानात उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसू शकते. अमेरिकेत तसं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं प्रादेशिक विमान कोसळून ५० जण दगावले. त्यानंतर तिथे कायदा कडक झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास लागू लागले. लष्करातून किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठातून आलेल्यांना त्यात थोडी सवलत आहे. अमेरिकेत शिकून तिथल्याच प्रादेशिक कंपनीत लागायचं स्वप्न पाहणाऱ्यांनी ही अट, आणि तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला मिळणार आहे का हा प्रश्न, पैसे भरण्याआधी तपासावा.

त्या अपघातग्रस्त विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा कितीतरी जास्त तास होते. कमी होत चाललेल्या वेगाकडे लक्ष राहिलं नाही आणि विमान धोक्याचा इशारा देऊ लागल्यावर हात उलट दिशेने गेला. तासांचा आकडा माणसाची पूर्ण ओळख देत नाही, हे भारतातल्या निवड समितीलाही ठाऊक असतं. समोरचा उमेदवार २०० तासांचा आहे, त्याला फार काही येत नसणार, हे ती धरूनच चालते. तिला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच की याला शिकवता येईल का, चूक दाखवल्यावर हा सुधारतो का, आणि जुलै महिन्यात दिवसाला पाच-सहा उड्डाणं करताना याच्या शेजारी बसलेल्या कॅप्टनला आधार वाटेल का. तुमची सगळी तयारी या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

कागद आधी बोलतात

मुलाखतीच्या टेबलावर पहिल्यांदा जातं ते तुमचं लॉगबुक. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर नीट गेली आहे का, एकट्याने केलेली उड्डाणं, रात्रीची उड्डाणं, दुहेरी इंजिनावरचे तास हे परवान्याच्या अर्जाशी जुळतात का, ते घरी बसून तपासा. खाडाखोड असेल तर ती का झाली हे सांगता आलं पाहिजे. एखाद्या विषयात दोनदा नापास झाला असाल, प्रशिक्षण मध्येच वर्षभर थांबलं असेल, तर तेही सरळ सांगा. पैशाअभावी वर्ष गेलं असं सांगणाऱ्या उमेदवाराला कोणी कमी लेखत नाही. लपवलेली गोष्ट नंतर सापडली, तर मात्र दार बंद होतं.

हा कटाक्ष उगाच आलेला नाही. २०११ च्या जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान आधी पुढच्या चाकावर उतरलं. त्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, हजारो परवाने पुन्हा तपासावे लागले. तेव्हापासून दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांपासून सगळं मूळ मंडळाकडून पडताळून घेतलं जातं. परवाना, रेडिओ टेलिफोनीचं प्रमाणपत्र, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग यांच्या मुदती एका कागदावर मांडून ठेवा. मुलाखतीच्या पुढच्या महिन्यात एखादी मुदत संपत असेल, तर नूतनीकरणाचं काम आधीच सुरू करा.

तोंडी हिशेब आणि आपल्या मातीचं हवामान

लेखी परीक्षेची पातळी परवान्याच्या परीक्षेपेक्षा थोडी वरची असते. प्रश्नपेढ्या पाठ करून ती निघतेही. मुलाखतीत मात्र तोच प्रश्न ‘का?’ लावून विचारतात, आणि पाठांतर तिथे उघडं पडतं.

एक उदाहरण घ्या. मे महिन्यात नागपूरला ४५ अंश तापमान आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर. प्रमाण वातावरणानुसार तिथे १३ अंश असायला हवेत, म्हणजे हवा ३२ अंशांनी जास्त तापलेली आहे. दर अंशामागे साधारण १२० फूट धरले, तर घनतेच्या हिशेबात विमान जवळपास ४,८०० फुटांवर उभं आहे. थोडक्यात, नागपूरच्या धावपट्टीवरचं ते विमान महाबळेश्वरच्याही वरच्या उंचीवरून उड्डाण करतं आहे. इंजिनाची ताकद घटते, पंखांना आधार कमी मिळतो, धावपट्टी जास्त लागते आणि कधी कधी प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं. हे सगळं तुम्ही आकडे मांडत बोललात, तर समिती दुसरा प्रश्न अधिक आस्थेने विचारते.

वाऱ्याचा हिशेबही असाच. मुंबईची धावपट्टी २७ वापरात आहे, वारा २४० अंशांवरून २० नॉट्स. धावपट्टी आणि वारा यांत ३० अंशांचा कोन, म्हणून आडवा वारा निम्मा, १० नॉट्स, आणि तो डावीकडून. समोरचा वारा सुमारे १७. कागद-पेन्सिल न घेता हे सांगता आलं पाहिजे. खाली उतरण्याचा हिशेब: १८,००० फुटांवर आहात आणि कोल्हापूरला उतरायचं आहे. विमानतळ सुमारे २,००० फुटांवर. उतरायचे १६,००० फूट, हजारामागे तीन सागरी मैल, म्हणजे ४८ मैल आधी सुरुवात, शिवाय वेग कमी करायला थोडं अंतर राखून. जमिनीच्या सापेक्ष वेग २४० नॉट्स असेल, तर त्याची पाचपट, मिनिटाला १,२०० फूट या दराने उतरायचं. एटीआरच्या वैमानिकाला असे हिशेब दिवसातून अनेक वेळा मनात करावे लागतात, म्हणून ते विचारले जातात.

ज्या कंपनीत जायचं तिच्या मार्गांवरचं हवामान वेगळं वाचा. कोकणात जून ते सप्टेंबर ढग खाली उतरलेले असतात. सह्याद्री ओलांडताना झटके बसतात. विदर्भ-मराठवाड्यात मान्सूनपूर्व वादळं दुपारनंतर उभी राहतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. सिमल्याचा विमानतळ डोंगरमाथा कापून बनवला आहे आणि त्याची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. लहान विमानतळांवर साधनं कमी असतात. तिथे हवामान बिघडलं तर पर्यायी विमानतळ कोणता, आणि तिथवर पोहोचून घिरट्या घालण्याइतकं इंधन आहे का, हा प्रश्न प्रादेशिक वैमानिकाच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

पंख्याच्या विमानाची ओळख

मुलाखतीला जाताना अनेकांनी बोइंग आणि एअरबसचा अभ्यास केलेला असतो. एटीआर चालवणाऱ्या कंपनीच्या समितीला त्याचा खेद वाटतो. फ्रान्स आणि इटलीच्या भागीदारीतून बनणारं हे विमान तुलूझमध्ये जोडलं जातं. एटीआर-७२-६०० चं कमाल वजन सुमारे २३ टन, प्रवासी सत्तरच्या आसपास, वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर. चारशे-पाचशे किलोमीटरच्या अंतरावर जेट विमान जेमतेम उंची गाठतं तोच उतरायची वेळ होते. तिथे पंख्याचं विमान खूप कमी इंधनात तेच काम करतं, आणि लहान धावपट्टीवरही उतरतं.

जेट प्रवासी विमानांच्या शेपटीत सहसा वीज आणि हवेसाठी एक छोटं सहायक इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने थांबवून धरतात. त्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. साधनं नसलेल्या लहान विमानतळावर या एका युक्तीमुळे प्रवाशांना थंड हवा मिळते. अशी गोष्ट तुम्हाला ठाऊक असली, तर हे विमान तुम्ही मनापासून वाचलं आहे, हे समितीला आपोआप कळतं.

पंख्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा विषय ‘फेदरिंग’चा. इंजिन बंद पडलं की पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेला कडेने वळवतात, म्हणजे अडथळा कमी होतो. पाती तशीच पसरलेली राहिली, तर एका बाजूचा प्रचंड ओढा विमानाला फिरवू शकतो. ही यंत्रणा आपोआप केव्हा काम करते, वैमानिकाने हाताने केव्हा करायची, आणि पंखांवर बर्फ साचू लागला तर काय करायचं, एवढं तरी नीट समजून जा.

अपघातांचे अहवाल वाचा

चांगल्या तयारीचा सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे अपघातांचे अधिकृत अहवाल. ते मोफत उपलब्ध असतात. प्रादेशिक उमेदवाराने तीन तरी वाचावेत.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर-७२ ने उड्डाण केलं आणि काही क्षणांत उजव्या इंजिनाची शक्ती गेली. यंत्रणेने त्याचा पंखा आपोआप फेदर केला. कॅप्टनने घाईत डावं, म्हणजे चालू असलेलं, इंजिन बंद केलं. विमान नदीत कोसळलं, ४३ जण मृत्युमुखी पडले. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमध्ये पोखरा इथे उतरताना फ्लॅपच्या दांड्याऐवजी पंखे नियंत्रित करणारे दांडे मागे ओढले गेले. दोन्ही पंख्यांचा जोर गेला. ७२ पैकी कोणी वाचलं नाही. तिसरा अहवाल आपल्या घरचा. २२ मे २०१० रोजी मंगळुरूत उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेलं आणि १५८ जणांचा बळी गेला. उड्डाणाच्या बऱ्याच काळात कॅप्टन झोपेत होते, असं चौकशीत दिसलं. विमान खूप उंचावरून येतंय हे सहवैमानिकाला कळलं होतं. पुन्हा वर जाऊ, असं त्याने एकाहून अधिक वेळा सांगितलंही होतं. तरीही विमान उतरवलं गेलं.

पहिल्या दोन अपघातांचा धडा हा की दांड्यावर हात ठेवताच थांबा, कोणता आहे ते मोठ्याने बोला, दुसऱ्याकडून खात्री करून घ्या आणि मगच हलवा. तिसऱ्याचा धडा थेट तुमच्या खुर्चीसाठी आहे. ‘कॅप्टन चुकत असतील तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक मुलाखतीत येतो. ‘आदराने लक्षात आणून देईन’ एवढ्यावर थांबणारं उत्तर अपुरं आहे. आधी जे दिसतंय ते आकड्यासकट सांगायचं. प्रतिसाद नाही मिळाला, तर काय करायला हवं ते स्पष्ट शब्दांत सांगायचं. तरीही काही हललं नाही आणि विमान धोक्यात असेल, तर ‘नियंत्रण माझ्याकडे’ म्हणून विमान वर न्यायचं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढवण्याचे संस्कार खोलवर असतात. ते घरात शोभतात. कॉकपिटमध्ये गप्प राहणं म्हणजे मागे बसलेल्या सत्तर माणसांचा विश्वासघात ठरतो. हे उत्तर देताना तुमच्या आवाजात ठामपणा हवा आणि कॅप्टनबद्दलचा अनादर अजिबात नको.

सिम्युलेटरमध्ये

निवडीच्या सिम्युलेटर परीक्षेत तुम्हाला अनोळखी यंत्रावर बसवतात. ऑटोपायलट बंद करून, फक्त उपकरणांकडे बघत उंची, दिशा आणि वेग सांभाळायला सांगतात. मग होल्डिंग, मग उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे येणं, आणि अनेकदा मध्येच एक बिघाड. उंची १०० फुटांनी आणि वेग १० नॉट्सनी सरकला म्हणून कोणी नापास करत नाही. तो सरकला हे तुम्हाला कधी दिसलं आणि तुम्ही हळुवारपणे परत आणलंत की हिसका दिलात, हे बघतात. ट्रिम सतत वापरा. काय करताय ते बोलत राहा. शेजारी बसलेल्याला काम सांगा. तोही परीक्षेचा भाग असतो. बिघाड झाला की आधी विमान उडवा, मग दिशा सांभाळा, मग रेडिओवर बोला. हा क्रम हाताला लागण्यासाठी परीक्षेआधी काही तास सिम्युलेटर भाड्याने घेणं परवडत असेल, तर तो खर्च वाया जात नाही.

‘आमच्याकडेच का?’

हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याची तयारी सर्वांत कच्ची असते. कंपनीकडे किती विमानं आहेत, तिचे मुख्य तळ कुठे आहेत, गेल्या वर्षभरात कोणते मार्ग सुरू झाले किंवा बंद झाले, हे ठाऊक असलं पाहिजे. लहानपणापासून आकाशाचं वेड आहे, हे खरं असलं तरी समितीने ते सकाळपासून अनेकांकडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी अमरावतीची मुलगी १६ एप्रिल २०२५ ला आपल्या गावातून सुरू झालेल्या मुंबईच्या एटीआरबद्दल, तिथल्या धावपट्टीबद्दल आणि त्या मार्गावर काम करण्याच्या इच्छेबद्दल बोलली, तर ते तिचं स्वतःचं असतं.

त्यामागून येणारा प्रश्न अवघड असतो: ‘वर्षभरात एअरबसकडे पळणार नाही कशावरून?’ खोटी शपथ घेऊ नका. पुढे मोठं विमान उडवायला आवडेल, पण बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत आणि इथलं शिकणं पूर्ण करूनच, असं सांगा. डीजीसीएने २०१७ मध्ये केलेल्या नियमानुसार राजीनाम्यानंतर सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष काम करावं लागतं. हा नियम माहीत असलेला उमेदवार विचारपूर्वक बोलतो, हे समितीच्या लक्षात येतं.

थकव्याबद्दलही प्रश्न येतो. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीच्या वेळेत करता येणारी लँडिंग कमी केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते पूर्णपणे लागू झाले आणि पुरेसे वैमानिक हाताशी नसल्याने डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ‘मी थकत नाही’ हे उत्तर या पार्श्वभूमीवर चुकीचं आहे. थकलो असेन तर उड्डाणाआधी सांगेन, हे बरोबर आहे.

घरातला हिशेब

आता कंपनीची पारख. परवान्यापर्यंतचं शिक्षण साधारण ५० लाख ते १ कोटी रुपयांत जातं. विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने करावं लागलं, तर आणखी दहा लाखांच्या वर खर्च येतो. ६० लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता ८२-८३ हजार होतो. नोकरी लागल्याच्या दिवसापासून पूर्ण पगार सुरू होत नाही. वर्गातलं शिक्षण, सिम्युलेटर, परीक्षा, मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबरची उड्डाणं, असे कित्येक महिने जातात आणि त्या काळात हातात थोडीच रक्कम येते. पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर ठरतो. विमान कमी उडालं की उत्पन्नही घटतं. म्हणून ‘पगार किती?’ यापेक्षा ‘किमान किती तासांचे पैसे पक्के?’ हा प्रश्न अधिक मोलाचा. त्याबरोबर बाँडची रक्कम किती, ती वर्षागणिक कमी होते का, तळ कुठे मिळणार, राहण्याची सोय कोणाची, कॅप्टनपदासाठी निकष काय, हे विनयाने पण नक्की विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

कंपनी टिकेल का, याचा अंदाज घ्यायला सार्वजनिक कागद पुरेसे बोलके आहेत. ‘उडान’मधली सरकारी मदत एका मार्गाला तीन वर्षं मिळते. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत फक्त ५४ टिकले. मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबल्या. मार्च २०२० पासून तर देशातली नियमित प्रवासी विमानसेवा दोन महिने बंद होती. म्हणून निम्म्याहून जास्त मार्ग सरकारी मदतीवर उभे असलेल्या, दोन-तीनच विमानं असलेल्या कंपनीत जाताना घरात सहा महिन्यांच्या हप्त्यांची तजवीज असावी. वैद्यकीय पात्रता गेली तर भरपाई देणारा विमाही पहिल्या वर्षीच घ्यावा.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं अनेक वर्षांत येतील. टंचाई आहे ती कॅप्टनांची. नव्या परवानाधारकांची मात्र रांग आहे: एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने १,६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले. त्यांत मुलींची संख्याही वाढते आहे. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगातल्या बहुतेक देशांपेक्षा ते पुष्कळ जास्त आहे. या रांगेतून पुढे सरकायचं तर अनुभव लागतो, आणि तो प्रादेशिक विमानात सर्वांत दाट मिळतो. वर्षाला ७०० तास आणि सरासरी तासाभराचं उड्डाण धरलं, तर वर्षात सुमारे ७०० उड्डाणं आणि तितकीच लँडिंग तुमच्या डोळ्यांसमोर होतात, त्यातली काही तुमच्या हातून. खंडांतराच्या विमानातल्या सहवैमानिकाला तेवढी संधी मिळायला कितीतरी वर्षं लागतात. दोन वर्षांत १,५०० तास जमले की वरच्या, एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीची वाट खुली होते.

एका सापळ्यापासून सावध राहा. ‘नोकरीची हमी’ म्हणून आगाऊ रक्कम मागणारे दलाल प्रत्येक प्रशिक्षण केंद्राभोवती फिरत असतात. कंपनीच्या अधिकृत जाहिरातीशिवाय आणि कंपनीच्या नावावरच्या पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तेव्हा निर्णय असा घ्या. एका कागदावर तीन आकडे लिहा: कर्जाचा हप्ता, पक्क्या तासांचा पगार आणि बाँडची रक्कम. पगारातून हप्ता जाऊन जगण्यापुरतं उरत असेल, बाँड तीन-चार वर्षांत फिटणारा असेल आणि कंपनीचे पगार गेल्या वर्षभरात वेळेवर झाल्याचं तिथल्या वैमानिकांकडून कळलं असेल, तर मोठ्या जेटची वाट बघत घरी बसू नका. परवानाधारकाचं सर्वांत मोठं नुकसान न उडण्यात होतं. एटीआरची ती खुर्ची घ्या आणि तिथे मन लावून शिका.